ह्यांचा पेटारा

हिवाळ्यात आमचा पेटारा गोठ्यात राहायचा. गोठा गाईंचाच, पण गाई केव्हाच विकल्या गेल्या आणि त्यांच्या जागी मालकानं लोकांचे कॅराव्हान ठेवून घ्यायला सुरुवात केली. नेदरलँडमध्ये हा बरा चालणारा उद्योग आहे. उन्हाळा आला की अर्धा देश चाकांवरची घरं मागे जोडून रस्त्याला लागतो, आणि थंडी पडली की ती घरं कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात जाऊन निजतात. वाखनिंगनहून नदीच्या बांधावरून सायकल हाणली की आमचा गोठा लागायचा. ‘आमचा’ म्हणते मी. आमचं त्यात काय होतं, तर खिडकीखालचा एक कोपरा.

फेब्रुवारीत मालकाचा फोन आला. त्याचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, आणि गोठा पाडून तिथे त्याचा मुलगा घर बांधणार होता. मार्चअखेर सगळ्यांनी आपापलं सामान हलवावं, असं त्यानं फार अजिजीनं सांगितलं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि लगेच लायडनला लेकीला कळवलं. आधी विचार करायचा आणि मग लेकीला फोन करायचा, एवढी अक्कल अजून मला आलेली नाही.

लेक तिथे एका प्रयोगशाळेत काम करते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग देऊनच टाकूया ना. तिच्या ओळखीत एक कुटुंब होतं, लहान लहान मुलं होती, त्यांना अगदी असाच जुना हवा होता. हे कुटुंब तिला त्या क्षणी आठवलं नव्हतं, हे मला कळलं. ते बऱ्याच दिवसांपासून तयार ठेवलेलं होतं.

पेटारा म्हणजे काय, ते सांगते. बाहेरून पाहिलं तर दोन चाकांवरची एक मोठी पेटी, माझ्या कमरेपेक्षा जरा उंच. मागच्या बाजूला एक भोक असतं, त्यात दांडा घालून फिरवला की चार कोपऱ्यांतले चार खांब वर सरकतात आणि पेटीचं झाकण छप्पर होऊन उठतं. मग दोन्ही टोकांना टेबलाच्या खणासारखे दोन पलंग बाहेर ओढायचे. खांबांच्या मधे कापडाच्या भिंती. आत गुडघ्याएवढं कपाट, दोन बर्नरची शेगडी, वाटीएवढं बेसिन आणि एक टेबल. ते खाली पाडलं की त्याचाही पलंग होतो. लेक लहानपणी त्यावर झोपायची. आम्ही घेतला तेव्हाच तो जुना होता. आधीच्या मालकांनी त्याला काय हाक मारली असेल ती असो, ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याला पेटारा म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दोन उन्हाळे पेटारा मिटलेलाच होता.

आता त्या तेव्हाच्या बाईबद्दल सांगायला हवं, म्हणजे तिशीतल्या माझ्याबद्दल. हे इथल्या विद्यापीठात बटाट्यांच्या रोगांवर संशोधन करायला आले आणि त्यांच्या मागोमाग ही बाई आली. परदेशातली सुट्टी म्हणजे हॉटेल, हॉटेलात गालिचा आणि सकाळी कुणीतरी आणून दिलेला चहा, अशी तिची पक्की समजूत. त्याऐवजी नवऱ्यानं दारात ही पेटी आणून उभी केली. बाई नाकानं कांदे सोलायला लागल्या. पुण्याला नणंदेला फोनवर काय सांगायचं, हा तिच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. शेवटी ‘समुद्राकाठी छोटंसं घर मिळालंय’ असं सांगून टाकलं. फोटो काढताना ती ह्यांना बजावायची, नुसता समुद्र घ्या, मागचं काही येऊ देऊ नका. आमच्या जुन्या अल्बममध्ये त्यामुळे समुद्रच समुद्र आहे आणि माणसं अर्धी कापलेली आहेत.

पहिल्याच वर्षी त्या बाईनं पेटारा ‘स्वच्छ’ केला. आधीच्या माणसांची झोप ज्या कापडात मुरलीय त्यात मी माझी झोप घालणार नाही, असं तिचं म्हणणं. मग बादली, कपड्यांची पावडर, ब्रश. घरची चादर घासावी तसं तिनं ते कापड घासघासून पांढरं केलं. शेजारच्या डच आजी कुंपणापलीकडून बघत होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. बाईंना वाटलं, कौतुक करतायत. त्या कापडावर पाणी आत येऊ न देणारा थर असतो आणि तो साबणानं निघून जातो, हे पहिल्या पावसात समजलं. पाणी बरोबर ह्यांच्या कपाळावर टपकत होतं. हे उठले नाहीत. कपाळावर एक वाडगं ठेवून झोपले. ओशाळून तोंड दाबून हसणारी ती बाई मला अजून आठवते. तिला एक चापट मारावी आणि एक पापा घ्यावा, असं वाटतं.

मुद्दा असा, की इतकी वर्षं पेटाऱ्यात राहूनही पेटारा मला येत नव्हता. जागेवर पोहोचलो की हे कामाला लागायचे आणि मी घडीची खुर्ची उघडून तिच्यात बसायचे. तिथून उंटावरून शेळ्या हाकायच्या. अहो, डावीकडे कललाय. अहो, दार आधी लावा. चहाचं आधण ठेवायची माझी पाळी यायची ती सगळं उभं राहिल्यावर.

लेकीनं नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी देणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “आई, जरा रिअलिस्टिक होऊया. तुला त्याचं छप्पर तरी उघडता येतं का?”

मी म्हटलं, येईल की.

“येईल नको. येतं का?”

मग तिनं अट घातली. मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती येणार. मी एकटीनं, तिनं बोट न लावता, पेटारा उघडून दाखवायचा आणि मिटून दाखवायचा. जमलं तर ती पुन्हा एक शब्द काढणार नाही. नाही जमलं तर त्याच दिवशी ते कुटुंब येऊन घेऊन जाणार. इथे मुलांना पोहण्याच्या परीक्षेत अंगावरच्या कपड्यांनिशी, बूट घालून पाण्यात ढकलतात. तिच्या परीक्षेत ती रडत माझ्याकडे बघत होती आणि मी काठावरून उडी मार, उडी मार म्हणून हात हलवत होते. वचपा काढायला तिला पस्तीसेक वर्षं लागली, एवढंच.

आता कुणी म्हणेल, म्हातारपणी हा हट्ट कशाला. घर आहे, घरात ह्यांची खुर्ची आहे, कपडे अजून कपाटात आहेत. पण खरं सांगू का, घरात हे मला फारसे कधी मिळालेच नाहीत. घरात असले तरी ते बटाट्यांजवळ असायचे. मी बोलत असायचे, ते हूं हूं करत असायचे, आणि डोळे कुठल्यातरी पानावरच्या करप्यावर लागलेले. त्यामुळे त्या खुर्चीकडे बघून मला ह्यांची आठवण येत नाही. मला वाटतं, असतील प्रयोगशाळेत. ह्यांची आठवण येते ती पेटाऱ्याची आठवण आली की. त्या सहा हात कापडात माणूस जाणार कुठे? तिथे मी बोललेलं त्यांना ऐकावंच लागायचं, आणि गंमत म्हणजे उत्तरंही यायची. सकाळी पोहे करता करता मी काहीतरी म्हणायचे आणि पलंगावरून आवाज यायचा. झीलंडला समुद्राच्या बांधामागे एक कुरण आहे, तिथला शेतकरी थोड्या लोकांना उतरू देतो. तिथे एकदा सबंध दिवस पाऊस पडत होता. ह्यांनी त्या दिवशी त्यांच्या लहानपणीचं इतकं काय काय सांगितलं, की मला वाटलं, हा कोण माणूस आहे, आणि लग्नात मला का दाखवला नाही.

मला परत त्या कुरणावर जायचं होतं. दुसरं काही नाही.

तर मी शिकायला लागले. रोज सकाळी रबरी बूट घालून, पाठीवर पिशवी घेऊन सायकलवरून गोठ्यात. घरी आदल्या संध्याकाळी इंटरनेटवर डच पुरुषांचे व्हिडिओ बघायचे. हे लोक पेटाऱ्यांबद्दल फार गंभीरपणे बोलतात, जणू शस्त्रक्रिया चालली आहे. त्यांच्याकडून मी शिकले, की गाडीपासून सोडवण्याआधी चाकांखाली ठोकळे सरकवायचे, नाहीतर पेटारा स्वतःच सहलीला निघतो. शिकले, की चार कोपऱ्यांचे चार पाय पेटारा डुगडुगू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नाहीत. हे कळायच्या आधी मी त्यांच्यावर तो उचलायचा प्रयत्न केला होता आणि त्यानं असा आवाज काढला होता, की मी चक्क त्याची माफी मागितली. पाणसळ ठेवून तो सपाट करायला शिकले. टायरची नक्षी शाबूत होती, पण कडेला बारीक भेगा होत्या. टायर दिसायला तरणा असला तरी वय लपत नाही, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला, आणि मी उगाचच आरशात पाहिलं. टायर नवे बसवून घेतले. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, ते पाहिलं. साबणाचा योग्य उपयोग अखेर ह्या घराण्यात झाला.

ह्यांच्या जुन्या गाडीला मागे हूक आहेच. गोठ्याच्या अंगणात मी पेटारा जोडून मागे घ्यायला शिकले. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की पेटारा उजवीकडे जातो. माझ्या सासूबाईंशी वागायची रीत अशीच होती, त्यामुळे ते मला चटकन जमलं.

सगळं जमलं, पण छप्पर उठेना.

दांडा फिरवला की तीन कोपरे वर यायचे आणि मागचा डावा तिथेच. छप्पर तिरकं व्हायचं, डोक्यावर तिरपी टोपी घातलेल्या माणसासारखं दिसायचं. जोर लावायचा नाही, हे सगळ्या व्हिडिओंमध्ये अगदी बजावून सांगितलेलं, कारण आतून एकच तारेचा दोर चारही खांबांना जातो आणि तो तुटला तर संपलंच. मी दांडा उलटा फिरवून छप्पर खाली आणायचे आणि परत प्रयत्न करायचे. गंज असेल म्हणून फवारा मारला, काही नाही. दिवस जात होते. एका दुपारी मी गोठ्यात पालथ्या बादलीवर बसले आणि मनात त्या कुटुंबाची मुलं पेटाऱ्यात उड्या मारताना दिसायला लागली. चांगली मुलं असतील. मला ती आवडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन गेले आणि खांब जिथे पेटीत शिरतो त्या फटीत डोकावले. आत पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं होतं. केसातला आकडा काढून त्यानं थोडं खरवडलं. मेणासारखं होतं, धुळीनं करडं झालेलं. बोटांत चोळलं तर वितळलं. नाकाशी नेलं.

खोबरेल.

इथे परत त्या बाईला बोलवावं लागेल. पेटारा आल्यानंतरच्या वर्षी तिनं चारही खांबांत खोबरेल तेल ओतलं होतं. तिचा खोबरेलावर गाढ विश्वास. केसांना तेच, कुरकुरत्या बिजागरीला तेच, भाजलं तरी तेच. घरी साताऱ्याला ह्यानं काही बिघडलेलं तिनं पाहिलं नव्हतं. उन्हाळाभर खांब लोण्यासारखे सरकले आणि बाई दिमाखात होत्या. ऑक्टोबरात छप्पर अर्ध्यावर अडकलं, वरही जाईना, खालीही येईना. ह्यांनी सबंध रविवार ते चारही खांब चिंध्यांनी पुसून काढले. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अगं, ह्या देशात खोबरेल म्हणजे मेणबत्ती.” पुढे कित्येक वर्षं, गणपतीला मराठी मंडळी जमली की जेवणानंतर ही गोष्ट व्हायचीच. तेल ओतण्याच्या नकलेसकट.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर कायम ग्रीस, डब्यातलं, त्यांच्या हातानं घातलेलं. मग हे कुठून आलं?

शेवटच्या वर्षी सप्टेंबरात कुरणावरून निघताना हे पेटारा मिटत होते आणि मी नळावर भांडी घासत होते. त्यांना तेव्हा धाप लागायला लागली होती. मी मदतीला आले की हातानंच बस म्हणायचे. माझ्या डोक्याच्या तेलाची बाटली शेगडीजवळच्या कप्प्यात असायची. घरी आल्यावर ती रिकामी निघाली, आणि मला वाटलं, सांडली असेल. त्या वेळी तेलाच्या बाटलीचा विचार करायला सवड कुणाला होती?

विसरले असतील. शेवटी शेवटी विसरायला लागले होते. किंवा ग्रीसचा डबा संपला असेल आणि म्हणाले असतील, असू दे, उन्हाळ्यात वितळेल. किंवा मुद्दाम. मी खांब पुसत घाम गाळतेय आणि हे घडीच्या खुर्चीत बसून, अगं, ह्या देशात, म्हणतायत, असं चित्र डोळ्यांसमोर आणून हसत हसत ओतलं असेल. ह्यातलं कोणतं खरं, ते एका प्रश्नात कळलं असतं. पेटाऱ्यात विचारलं असतं तर उत्तरही आलं असतं.

मी घरी गेले आणि शेकायच्या रबरी पिशव्या काढल्या. ह्यांच्या पाठीसाठी घेतलेल्या होत्या. उकळतं पाणी थर्मासांत भरलं आणि गोठ्यात येऊन खांबाला शेक द्यायला बसले. पिशवी खांबाभोवती लावायची, वरून जुनी शाल गुंडाळायची, थंड झाली की पाणी बदलायचं. मालक एकदा डोकावून गेला. काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, ह्याचा सांधा धरलाय. त्यानं स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

हळूहळू खांबाच्या बुडाशी तेल पाझरायला लागलं. गोठ्यात शेणाचा जुना वास होता, गवताचा होता, डिझेलचा होता, आणि त्या सगळ्यांतून खोबरेलाचा वास वर आला, रविवारी सकाळी न्हाण्याआधीचा. मी पुसत गेले. मग दांडा घातला आणि जीव मुठीत धरून फिरवला. चौथा कोपरा जरा थरथरला आणि बाकीच्यांच्या मागोमाग, थोडा कुरकुरत, वर आला. छप्पर सरळ उभं राहिलं. आतून हिंगाचा वास आला. कापडाला तो कायमचा चिकटलाय.

हाताला लागलेलं तेल वाया घालवायचं नसतं, ते केसांना पुसायचं, ही लहानपणची सवय. मी पुसलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लेक जवळ येऊन बघायला लागली. आई, केस रंगवलेस का? पांढऱ्या केसांत गंजाचा तांबूस पट्टा उमटला होता. मी म्हटलं, फॅशन आहे. ग्रीस मी दुसऱ्या दिवशी घातलं, डब्यातलं.

शनिवारी लेक आली. कोट न काढता, हात खिशात घालून गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. मला वाटतं, हात बाहेर काढले तर मदत करावीशी वाटेल म्हणून. मी चाकांखाली ठोकळे सरकवले, पाणसळ ठेवली, पाय टेकवले, छपराचे चाप सोडले, दांडा फिरवला. चारही कोपरे वर आले. मी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या बाजूचा पलंग ओढला, खालचे टेके लावले, कापड चहूबाजूंनी खोचलं, दार उभं केलं आणि हात झटकले.

ती म्हणाली, दुसरा?

मी म्हटलं, दुसरा कशाला, मी एकटीच तर आहे.

तिनं नुसतं बोट दाखवलं. त्या टोकाचं कापड पोत्यासारखं आत लोंबत होतं. दोन्ही पलंग बाहेर आल्याशिवाय पेटारा ताणलाच जात नाही. एक मिटलेला ठेवला तर त्या बाजूनं वारा शिरतो, पाऊस साचतो. हे व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. ते सगळे दुकटे होते. आणि छप्पर उठल्यापासून सराव करताना मी रोज माझ्याच बाजूचा पलंग ओढून थांबत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ह्यांच्या बाजूचा पलंग मी आयुष्यात कधी ओढला नव्हता. त्याची मूठ जरा खाली आहे, वाकावं लागतं. पहिल्यांदा हलला नाही. मग एकदम आला, आणि मी मागे टेबलावर बसले. गादी तिथेच होती, मधे जरा दबलेली.

लेक बूट काढून आत आली आणि त्या गादीवर आडवी झाली. कोट तसाच. बराच वेळ वर छपराकडे बघत होती. एरवी तिच्या दर वाक्यात दोन डच आणि तीन इंग्रजी शब्द असतात. ती म्हणाली, “मला हे उघडलेलं बघायचंच नव्हतं गं. मिटलेलं होतं तेव्हा बरं वाटायचं. असं वाटायचं, आत आहेत बाबा.”

मी तिच्या पायावर शाल घातली. दुसरं काय करणार? गोठ्यात गार होतं.

थोड्या वेळानं ती उठली, नाक पुसलं आणि म्हणाली, आता मिटून दाखव. सूट म्हणून मिळाली नाही. मिटताना कापड आधी आत घ्यायचं असतं, नाहीतर छपराखाली चिमटतं. एका कोपऱ्यात ते चिमटणारच होतं, तेव्हा ती खोकली. तो खोकला परीक्षेच्या नियमांत बसत नव्हता, पण आम्ही दोघींनी त्याकडे दुर्लक्ष केलं. त्या कुटुंबाला तिनंच फोन केला. डचमध्ये काय म्हणाली ते मला सगळं कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं.

गोठा पाडेपर्यंत मालकानं पेटारा तिथेच राहू दिला, आणि मे महिन्यात मी तो घेऊन झीलंडला गेले. लेक महामार्गापर्यंत मागून गाडी घेऊन आली आणि मग मागे वळली. कुरण होतं तसंच होतं. मी छप्पर उठवलं, दोन्ही पलंग ओढले. शेजारच्या तंबूतला एक गृहस्थ मदत करायला आला, तर त्याला घडीच्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, तिथून फक्त सूचना द्या. त्यानं खरोखर दिल्या. चुकीच्या.

ह्यांच्या पलंगावर मी कांदे-बटाटे ठेवले, रेनकोट ठेवला, वाचायची पुस्तकं ठेवली. रिकामा बघवत नव्हता. सकाळी पोहे करताना सवयीनं बोलले, मीठ जरा जास्त पडलं वाटतं, आणि वाट पाहत थांबले. बाहेर मेंढ्या होत्या, बांधापलीकडे समुद्र होता, कापड वाऱ्यानं फुगत होतं आणि बसत होतं. पोह्यात मीठ जास्तच पडलं होतं. माणूस जाणार कुठे, असं मी म्हणायचे. कापडाच्या भिंती काय अडवणार?

तरीपण मी ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी पाऊस आला आणि पेटारा ओलाच मिटावा लागला. ओलं कापड घडीत ठेवलं तर त्याला बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे तो परत उघडून वाळवणं. लेकीनं आता लायडनजवळ ट्युलिपचे कंद पिकवणाऱ्या एकाच्या शेडमध्ये त्याला जागा मिळवली आहे. वाळला की कळव, मी येऊन घेऊन जाते, असं तिनं सांगितलं. मी दारासमोर रस्त्यावर पेटारा उघडला. दोन्ही पलंग दोन्हीकडे बाहेर आलेले, एक फुटपाथवर. रस्त्यावर असं काही ठेवायचं तर इथली नगरपालिका मोजकेच दिवस चालू देते, आणि पलीकडचे शेजारी सायकल काढताना वळसा घालून जातात आणि ‘छान ऊन आहे, नाही?’ असं दोनदा म्हणतात. डच माणूस दोनदा ऊन छान म्हणाला की समजायचं.

ऊन खरोखरच छान होतं. मी चहाचा कप घेऊन आत बसले. कांदे-बटाटे घरात नेले होते. ह्यांच्या पलंगावर ऊन आलं होतं, कापडातून गाळून, फिकं पिवळं. मी तिथे आडवी झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूला. तिथून शेगडी दिसते, बेसिन दिसतं, आणि पोहे करणारी बाई उभी राहते ती जागा अगदी समोर दिसते. मला हे कधी माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ते छपराकडे बघत पडलेले असतात.

लेकीचा फोन आला. वाळलं का, विचारत होती. रविवारी येते म्हणाली.

मी डोक्याजवळच्या कापडाला हात लावला. कडकडीत वाळलेलं होतं, पापडासारखं.

“अजून नाही गं,” मी म्हटलं, “बाबांची बाजू जरा ओली आहे.”